मूळ प्रत कुठे आहे?



नवा फोन घ्यायचा म्हटला की आपण आठवडाभर खल करतो. मेगापिक्सेल किती, अंधारात फोटो कसा येतो, इथे घ्यावा की भारतातून मागवावा. एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही : काढलेला फोटो वीस वर्षांनी उघडेल का? मीही विचारला नव्हता. आता पस्तावतो आहे, म्हणून हा प्रपंच.

२००६ साली आई-बाबा इथे आले होते. कॉकेनहॉफच्या बागेत बाबांचा एक फोटो काढला. ट्यूलिपच्या रांगेपुढे उभे, टोपी तिरकी आणि मनापासून हसलेले. माझा कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो २५९२ बाय १९४४. मला तेव्हा फोटो 'सुधारण्याचा' नवा नाद लागला होता. मागचा अनोळखी माणूस पुसला, बाबांच्या कपाळावरच्या आठ्या गुळगुळीत केल्या, मेलमधून सांगलीला धाडता यावा म्हणून आकार ६४० बाय ४८० केला आणि 'सेव्ह' दाबले. त्याच फाइलवर.

बाबा गेले तेव्हा आई म्हणाली, "तो टोपीवाला फोटो मोठा करून आण." फाइल मिळाली, पण सोळा हिश्शांपैकी पंधरा हिस्से मीच फेकून दिले होते. नीट छापायचा तर काडेपेटीहून जरासा मोठा. स्टुडिओवाला म्हणाला, "काळजी नको साहेब, एआयने मोठा करून देतो." दिलाही, एकदम चकाचक. आईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "फोटो छान आहे रे, पण हे हसू यांचं नाही." बाबांचा पुढचा दात थोडा तुटका होता. यंत्राला ते कसे ठाऊक असणार? नाहीशा झालेल्या ठिपक्यांच्या जागी त्याने अंदाजाने नवे भरले आणि सरळ, पांढरा दात बसवून दिला.

यात दोष ना कॅमेऱ्याचा, ना सॉफ्टवेअरचा. दोष माझा. आणि मी पोटापाण्यासाठी करतो काय? दुसऱ्यांच्या संगणक यंत्रणांतल्या जोखमीच्या याद्या! बॅकअप घेतल्याशिवाय ग्राहकाच्या विद्याला हात लावायचा नाही, हे हापिसात नवख्या पोरांना मीच शिकवतो. घरी आल्यावर मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बेव्हरवाइकची डिजिनोटार आठवते का? संकेतस्थळ खरे की खोटे हे सांगणारी डिजिटल प्रमाणपत्रे देणारी कंपनी, डच सरकारच्या अनेक संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तिचीच. २०११च्या उन्हाळ्यात चोर आत शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे बनवली. कंपनीला जुलैत सुगावा लागला, पण ती गप्प बसली. ऑगस्टअखेर गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र इराणमध्ये वापरात सापडले आणि बिंग फुटले. फॉक्स-आयटीच्या तपासात दिसले की सर्व्हरवर साधे अँटीव्हायरसही नव्हते. २० सप्टेंबरला दिवाळे. खरे कुठले नि खोटे कुठले याचीच खात्री देता येईना, तेव्हा तिच्या खऱ्या प्रमाणपत्रांनाही कुणी विचारेना.

फोटोंचेही तेच. आम्स्टरडॅमच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१० साली एका विजेत्याचे बक्षीस काढून घेतले, कारण त्याने मागे दिसणाऱ्या पायाचा तुकडा पुसला होता. मूळ फाइल समोर ठेवल्यावर ते उघड झाले. २०१५ साली तर उपांत्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो फेरफारापायी बाद झाले. नियम साधा : उजेड-अंधार बेताने करा, पण मूळ प्रत दाखवा. आता एआयच्या दिवसांत हा नियम आपल्या देवघराशेजारच्या तसबिरीपर्यंत आला आहे. नातवंडांना आजोबा दाखवायचे, की कुणीतरी अंदाजाने काढलेला म्हातारा?

कुणी म्हणेल, "हल्ली फोन मूळ प्रत जपतो, सगळं क्लाउडवर असतं." खरे आहे, बऱ्याच ॲपमध्ये बदल मागे घेता येतो. पण त्या ॲपच्या घरात राहाल तोवर. डच मंडळींचे लाडके हाइव्हज २०१३ साली मित्रांचे संकेतस्थळ म्हणून संपले, गूगलने पिकासा २०१६ साली गुंडाळले. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी चुकून पुसलेत की सगळीकडून पुसले जाते, आणि तेही तत्परतेने!

"दहा हजार फोटो कोण सांभाळत बसणार?" असेही विचाराल. नका सांभाळू. वर्षाचे पन्नास निवडा. मी आता तीनच गोष्टी करतो. 'मूळ' नावाच्या फोल्डरमधल्या फोटोला हात लावत नाही, कलाकुसर प्रतीवर. दोन डिस्क, एक इथे आम्स्टेलव्हेनला आणि एक सांगलीला बहिणीकडे, दर फेरीला अदलाबदल. आणि खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू वाहण्याआधी बायकोच्या हातात डिस्क देतो : "मी नाही असं समज आणि आईचा फोटो उघडून दाखव." पहिल्या वर्षी तिला जमले नाही, पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात होता.

डच म्हणतात, वासरू बुडाल्यावर विहीर बुजवतात. आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणतात. दोन्ही देशांचे शहाणपण माझ्या वाट्याला आले, पण उशिरा. तुमच्या आईवडिलांचा तुम्हाला सर्वांत आवडणारा फोटो आज रात्री शोधा, आणि ती मूळ प्रत आहे का ते पाहा.

आपला,
एक आम्स्टेलव्हेनकर

ता.क. स्टुडिओतला चकाचक फोटो आईने कपाटात ठेवला. भिंतीवर काडेपेटीएवढाच लावला आहे, मोठ्या चौकटीत. जवळ जाऊन पाहावा लागतो, पण तुटका दात दिसतो.