गावही भाडे घेते!

मुंबईतले घरभाडे परवडत नाही म्हणून गावी परतावे, असा हिशेब आपले अनेक तरुण मांडत आहेत. हिशेब चुकीचा नाही, अर्धवट आहे. शहरातला घरमालकही आडनाव विचारतो. गावात मात्र विचारावेच लागत नाही, वस्तीच जात सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा राज्यघटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते उगाच नव्हे.

मित्रांनो, जरूर जा. पण आधी विचारा : उद्या बहिष्कार पडला तर दळण, किराणा, मजुरी कोणाच्या हातात असेल? घराचा कागद स्वतःच्या नावावर आणि कमाई गावकीच्या मर्जीबाहेरची असेल, तरच ते परतणे. नाहीतर वाचलेले भाडे स्वाभिमानातून वसूल होईल.

जय भीम!