अशुद्धी ठरविलेले लोह

पाण्याचे विघटन ही काही नवी विद्या नव्हे. व्होल्टाच्या विद्युतघटाची वार्ता कळताच निकोल्सन व कार्लाइल यांनी सन १८०० मध्ये लंडन येथे विजेच्या साह्याने पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले. प्रश्न आहे तो खर्चाचा. सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरेत. प्रत्यक्षात अधिक लागतात. ही उधळपट्टी कमी करणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. आम्लधर्मी पटलाच्या यंत्रांत ऋणाग्रावर प्लॅटिनम व धनाग्रावर इरिडियम वापरतात. इरिडियमचे जागतिक उत्पादन वर्षाला अवघे सात-आठ टन, आणि तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत. २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या आपल्या देशाने एवढ्याशा साठ्यावर विसंबावे काय?

इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांला येथे एक घटना बोधप्रद वाटते. आम्लारिधर्मी द्रावणातील निकेलचे धनाग्र ऑक्सिजन उत्तम रीतीने मुक्त करते, अशी समजूत होती. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखविले की, निकेल ऑक्साइडमध्ये शिरलेल्या किंचित लोहाने ही क्रिया कितीतरी वेगवान होते. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी द्रावणातील लोह कसोशीने काढून टाकले, तेव्हा निकेल अगदीच मंद ठरले. ज्याची गणना अशुद्धीत होत होती, त्याच्यामुळेच काम चालले होते!

आम्लधर्मी यंत्र आटोपशीर असते, कमीजास्त होणाऱ्या सौर विजेशी ते लवकर जुळवून घेते, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. लोह-निकेल आम्लात टिकत नाहीत आणि निकेलही आपण बाहेरूनच आणतो, हेही खरे. म्हणूनच आमचे मत असे की, सार्वजनिक निधी लोहासारख्या विपुल धातूंवरील संशोधनाकडे वळावा. आणि काही तासांच्या विक्रमापेक्षा हजारो तासांच्या टिकाऊपणाला त्यात अधिक मोल मिळावे.

यात आणखी एक हित आहे. या संशोधनाचा कच्चा माल स्वस्त आहे. ज्या ग्रामीण महाविद्यालयाच्या कपाटात प्लॅटिनमची तारही नाही, तेथील विद्यार्थ्यालाही त्यात उतरता येईल. मात्र मोजमापाची उपकरणे त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे शासनाचे व विद्यापीठांचे कर्तव्य आहे. आमच्या वसतिगृहातून विज्ञान शाखेकडे निघालेल्या मुलामुलींनी हे क्षेत्र दुसऱ्यांचे समजू नये. लोहाची परीक्षा झाली, तेव्हाच त्याचे मोल कळले.