पगारवाढीची मागणी आणि बडतर्फीचा कागद

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी एस.टी. बंद असणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगावयास नको. लातूर, निलंगा, उदगीर येथील बाजार, दवाखाना, महाविद्यालय, सारे त्या लाल गाडीवर अवलंबून. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर ती गाडी थांबली आणि पुढे एप्रिल २०२२ पर्यंत सुरळीत झाली नाही. प्रवाशांच्या हालांविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले. परंतु संपावर गेलेल्यांपैकी सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांच्या हाती बडतर्फीचा कागद पडला. त्यांत आयुष्याची उमेदीची वर्षे महामंडळाला दिलेले चालक, वाहक आणि यांत्रिकही होते. त्यांचा विचार आजही व्हावयास हवा.

संपाची मुख्य मागणी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही होती. तिच्या मुळाशी मात्र पगारच होता. कोरोनाच्या काळात तो वेळेवर मिळेना आणि नव्याने लागलेल्या चालकाचे मूळ वेतन अवघे १२,०८० रुपये होते. शासकीय नोकरास विनाचौकशी काढण्याविरुद्ध घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण असते, महामंडळाच्या कर्मचाऱ्यास ते नसते. विलीनीकरणाचा हट्ट एवढा का धरला गेला, हे यावरून काहीसे उमगते.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि वीस वर्षांहून अधिक सेवा असलेल्यांना २,५००. नवख्यांचा पगार फारच तुटपुंजा होता, हे मान्य. पण पंचवीस वर्षे घाट-रस्ते तुडविलेल्या माणसाने या आकड्यांकडे कसे पाहावे? वाढ त्याला सर्वांत कमी. नोकरी गेली तर नुकसान मात्र सर्वांत अधिक, कारण पन्नाशीच्या वाहकाला दुसरीकडे कोण ठेवणार! वाढ घ्या आणि कामावर या, नाहीतर कारवाई, असा तो निरोप होता. पुष्कळ जण परतले, पुष्कळ परतले नाहीत, आणि निलंबन, बदली, बडतर्फी सुरू झाली.

संपकऱ्यांचे सारेच योग्य होते, असे आम्ही म्हणणार नाही. शासनाच्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिल्यावरही ताणून धरणे शहाणपणाचे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगारांचे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तरीही मागणी चुकीची असणे हा एक प्रश्न आणि ती केल्याबद्दल आयुष्यभराची चाकरी हिरावून घेणे हा अगदी निराळा प्रश्न. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारूम’ या विश्वपत्रात मांडले होते की, गरजेपोटी वा भीतीपोटी मजूर जी मजुरी पत्करतो, ती केवळ त्याने ‘हो’ म्हटल्याने न्याय्य ठरत नाही.

अखेर ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्याची मुदत दिली आणि बडतर्फ झालेल्यांनाही सेवेत घेण्यास महामंडळास सांगितले. नोकऱ्या वाचल्या त्या न्यायालयामुळे. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, तो दोन दिवसांत मिटला आणि एप्रिल २०२० पासून सर्वांना सरसकट ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. पूर्वी ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. जुन्या सेवकांची तक्रार रास्त होती, हे या हिशेबातच कबूल झाले. ते कबूल व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागली.

एस.टी.च्या कर्मचाऱ्यांपाशी संघटना होती, वकील होते, वर्तमानपत्रे होती. आपल्या परिसरातील एखाद्या खाजगी शाळेतला शिपाई, दवाखान्यातली आया, वसतिगृहातली स्वयंपाकीण यांच्यापाशी यांतले काहीच नाही, आणि आपल्या संस्थाही याला अपवाद नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता कोणत्याही उद्योगात संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. एकट्या स्वयंपाकिणीला या नोटिशीचा काय उपयोग? पगार वाढवा असे तिला ज्या माणसाला म्हणावयाचे असते, तिला काढण्याचा अधिकारही त्याच माणसाच्या हाती असतो.