‘नो सिग्नल’ हे निदान नव्हे

गेल्या जुलैत बाळकुममधल्या आमच्या सोसायटीत शेजारच्या आजोबांचा टीव्ही बंद पडला. पडद्यावर ‘नो सिग्नल’. आलेल्या मेकॅनिकने गच्चीवर न जाताच सांगितले, ‘बॉक्स गेलाय.’ नवा बॉक्स आला, पैसे गेले, पाटी तशीच राहिली. दोष निघाला छत्रीजवळच्या कनेक्टरमध्ये. पाणी शिरून आतली तार हिरवी पडली होती.

तापावर तपासणी न करता औषध देणाऱ्या डॉक्टरला आपण नावे ठेवतो. इथे मात्र मोजमापाशिवाय भाग बदलणाऱ्याला निमूट पैसे देतो, ते बंद व्हायला हवे.

उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तिथून येणारी अतिक्षीण लहर छत्री गोळा करते. छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तिला वाढवून केबलने खाली पाठवतो. त्याला लागणारी वीज त्याच केबलने वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. उभ्या ध्रुवणाच्या लहरी घ्यायच्या की आडव्या, हे तो या व्होल्टेजवरून ठरवतो. गंजलेल्या कनेक्टरमुळे १८ चे १४ झाले, तर चॅनेलचा एक अख्खा गट गायब होतो आणि बाकीचे छान दिसतात. अशा वेळी उपग्रहाला बोल लावण्यात अर्थ नाही.

बहुतेक बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन आकडे दिसतात: सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता. दोन्ही शून्य असतील तर केबल, वीजपुरवठा किंवा एलएनबी तपासावा. ताकद आहे पण गुणवत्ता नाही, तर बहुधा छत्री हललेली असते, समोर अडथळा असतो किंवा पाऊस जोरात असतो. घरोघरच्या छत्र्या १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात आणि मोठे थेंब त्या शोषतात, विखुरतात. तो दोष सर ओसरली की आपोआप जातो. त्यासाठी ओल्या गच्चीवर चढून छत्री फिरवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

सूर्यही खोडी काढतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो काही दिवस, काही मिनिटे नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. मुंबईच्या शेअर बाजाराचे व्यवहार उपग्रहजोडणीवर अवलंबून होते तेव्हा या दिवसांत दुपारी मध्यंतर घेऊन वेळ पुढे वाढवली जाई. कोणी मशीन बदलत बसले नाही.

बाळकुमला आणखी एक कारण आहे: टॉवर. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. ठाण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. छत्रीहून ६० मीटर उंच इमारत आग्नेयेला ३५ मीटरवर उभी राहिली तर वाट अडते, १०० मीटरवर असेल तर नाही. कालपर्यंत चालणारी छत्री एकाएकी ‘बिघडली’ तर आधी आग्नेयेला मान वर करून पाहावे. फ्री डिशला दरमहा वर्गणी नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च थेट ग्राहकाच्या खिशातून जातो. म्हणून मेकॅनिकने बॉक्स उघडण्याआधी दोन्ही आकडे बिलावर लिहून द्यावेत, अशी मागणी करायला संकोच कशाला?

आजोबांचा ‘गेलेला’ बॉक्स मी कनेक्टर बदलल्यावर लावून पाहिला. आता तो त्यांच्या आतल्या खोलीत चालतो.