सुताराच्या ओट्यावरचे गलबत

अल्लीपूरहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागायचा नाही. हिंगणघाट तालुक्यातले, कापसाच्या मुलखातले हे गाव. अशा गावातल्या सातवीतल्या मुलाने जहाजे बनवण्याचा नाद लावून घ्यावा, याचे घरच्यांना कौतुक कमी आणि काळजीच जास्त. हा मुलगा माझा भाचा. गेल्या पोळ्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा तो सुताराच्या ओट्यावर सापडला. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी तयार होत होते आणि त्यांच्या रांगेत याचे सागाच्या तुकड्यांचे, हातभर लांबीचे जहाज उभे होते. सुतारबुवांनी ते उचलून खालून-वरून न्याहाळले आणि विचारले, "काऊन रे बाबू, याले चाकं नाही लावाचे?"

सगळे हसले. मला खटकले ते निराळेच. जहाजाचा मागचा भाग तीन मजली, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांच्या रांगा आणि वर भगवा. "मामा, हे शिवाजी महाराजांचं जहाज!" होते ते चक्क युरोपीय युद्धनौकेचे रूप. पण त्या पोराचा काय दोष? कॅलेंडरांवर आणि मिरवणुकीतल्या चित्ररथांवर त्याने हेच पाहिलेले. रायगडाच्या जागी कुणी विलायती राजवाडा रंगवला तर केवढा गहजब होईल! आरमाराच्या बाबतीत मात्र शिडे दिसली आणि झेंडा भगवा असला, की आपले समाधान होते.

मग मराठ्यांचे जहाज दिसे तरी कसे? रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन अठराव्या शतकात करून ठेवले आहे. गुराब ही रुंद पोटाची, उथळ पाण्यात चालणारी. दोन डोलकाठ्यांची असली तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी. सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागच्या जागी डुलत राही. अशा वेळी गलबते गुराबांना दोरांनी ओढत त्याच्या पिछाडीला आणीत, कारण त्याच्या बहुतेक तोफा कुशींना असत.

मी हे भाच्याला सांगितले, तर त्याने उलट विचारले, "एवढ्या तोफा पुढं ठेवल्या तर ते पुढून बुडत नाही का?" मी निरुत्तर. ऑर्म 'रुंद' असे लिहून मोकळा होतो, वाचणारा पुढचे पान उलटतो. पण पटाशी हातात घेतलेल्याला किती रुंद, हे ठरवावेच लागते. या छंदाची मातब्बरी मला वाटते ती एवढ्यासाठीच. दुकानातून जुळणीचा संच आणून डिंकाने चिकटवणे वाईट नाही, हाताला वळण लागते. पण जहाज कोणते, कुठल्या काळातले, पुरावा काय, ही शोधाशोध त्यात आयतीच उरकलेली असते, आणि खरी गंमत तर तिच्यातच आहे.

पुरावे काही समुद्रकाठीच असतात असे नाही. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौका कोरलेल्या आहेत, तर अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, डोंगराच्या पोटात, शिडाचे जहाज रंगवलेले आहे. त्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून आपल्या नौदलाने गोव्यात एक जहाज बांधवून घेतले; फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. आराखडा कुठून असणार? आयआयटी मद्रासमध्ये आधी प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या, मग जहाज पुरे झाले. मे 2025 मध्ये कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, त्याच वाटेने नौदलालाही जावे लागले.

बहिणीची तक्रार वेळेची. एका शाळेच्या प्रदर्शनात हे जहाज "विज्ञानात बसत नाही" म्हणून बाजूला ठेवले गेले, त्याचाही तिला राग आहे, पण तो ती मुलावर काढते. तिला मी 'विक्रांत'ची गोष्ट सांगितली. 1961 मध्ये नौदलात आलेली ही विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये ती तोडायला घेतली. लहान मुलाला दाखवायला ती आता नाही. याउलट, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 1817 सालची 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाहायला मिळते. इंग्रजांनी ती जपली; आपल्याला आपली 'विक्रांत' राखता आली नाही. सातशे फुटांची ती नौका सातशेपट लहान केली तर बरोबर एक फूट भरते, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढी. घरात जागेची अडचण होऊ नये!

बहीण काही बोलली नाही. भाच्याने मात्र दुसऱ्या दिवशी करवत आणून जहाजाचे मागचे तीन मजले कापून काढले. नाळ कशी निमुळती करायची, यावर त्याची आणि सुतारबुवांची दुपारभर हुज्जत चालली होती. कापलेला तुकडा सुतारबुवांनी वाया जाऊ दिला नाही. त्याला चार चाके ठोकली आणि एका नंदीला त्यावर उभे केले.