विश्लेषण : ‘काजवे’ दाखवणारा दिग्दर्शक… इसाओ ताकाहाता इतके वेगळे का ठरले?

जपानी अ‍ॅनिमेशन म्हटले की हायाओ मियाझाकी हे नाव आधी येते. त्यांच्यासह १९८५ मध्ये ‘स्टुडिओ जिब्ली’ उभारणारे इसाओ ताकाहाता (१९३५-२०१८) मात्र बहुतेकांना एकाच चित्रपटामुळे माहीत असतात. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा तो चित्रपट. २०२४ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आल्यानंतर नव्या पिढीनेही पाहिला, रडली आणि त्याला ‘युद्धविरोधी’ ठरवून मोकळी झाली. ताकाहाता यांना हेच नको होते.

युद्धविरोधी नाही, मग काय?

१९८८ मधील हा चित्रपट अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर बेतलेला आहे. कोबे शहरावरील बॉम्बवर्षावानंतर अनाथ झालेला १४ वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची ही उपासमार. ताकाहाता यांना हे परके नव्हते. जून १९४५ मध्ये ओकायामावर हल्ला झाला तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता एका बहिणीसह अनवाणी पळत सुटले होते. तरीही, आपण किती सोसले हे दाखवून पुढचे युद्ध थांबत नाही, ते सुरू कसे होते हे समजून घ्यावे लागते, असे ते म्हणत. राज्यघटनेच्या युद्धत्यागाच्या नवव्या कलमात बदल करण्यास त्यांचा जाहीर विरोध होता. पण त्यासाठी त्यांनी या चित्रपटाचा आधार घेतला नाही. चित्रपटात मावशीचे बोलणे असह्य झाल्यावर सेइता बहिणीला घेऊन घर सोडतो. त्याचा अभिमान समजण्यासारखा आहे, आणि तोच सेत्सुकोला महागात पडतो. प्रेक्षक रडण्याच्या भरात नेमके हे विसरतो.

चित्र न काढणारा दिग्दर्शक

ताकाहाता अ‍ॅनिमेटर नव्हते. टोकियो विद्यापीठातून फ्रेंच साहित्य शिकून ते १९५९ मध्ये ‘तोएई’च्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत गेले. तेथील कामगार संघटनेत मियाझाकींशी सूत जुळले. पहिला चित्रपट ‘होरुस’ (१९६८) वेळ आणि पैसा दोन्हींचे गणित बिघडवून पूर्ण झाला आणि थोड्याच दिवसांत चित्रपटगृहांतून उतरला. पण बिनसलेले गाव, मनाने दुभंगलेली नायिका असले काही तोवर मुलांच्या कार्टूनमध्ये कुणी आणले नव्हते. ‘हायडी’ (१९७४) या मालिकेसाठी तर त्यांची मंडळी थेट स्वित्झर्लंड पाहून आली. भाकरीवर वितळणारे चीज, गवताचा बिछाना, शेळ्यांचे दूध काढणे यांना कथानकाइतकाच वेळ देणे ही त्यांची पद्धत. जिब्लीच्या चित्रपटांतील जेवणाचे आज जे कौतुक होते, त्याचे मूळ इथेही आहे.

किंमत कुणी मोजली?

हाताने चित्र काढत नसल्याने त्यांना हवे ते दुसऱ्यांच्या हातून काढून घ्यावे लागे, आणि ते सहज समाधानी होत नसत. ‘ग्रेव्ह…’मधील पात्रांची रेखाटने करणारे योशिफुमी कोन्दो १९९८ मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी गेले. त्यांच्या मृत्यूचा संबंध अतिश्रमाशी जोडला जातो. ताकाहाता यांच्या हाताखाली अनेक जण कोलमडले, हे जिब्लीचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनीच पुढे उघडपणे सांगितले. तरुणपणी कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस स्वत: असा वागला, हे त्यांच्या थोरवीच्या चर्चेत बाजूला सारता येत नाही.

अखेरचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३) तयार व्हायला सुमारे आठ वर्षे लागली. कुंचल्याच्या तुटक रेषा, कागदाची मोकळी सोडलेली जागा. राजकन्या महालातून पळते तेव्हा रेषाच बेभान होतात. ऑस्करचे नामांकन मिळाले, खर्च मात्र निघाला नाही.

मे २०१८ मध्ये जिब्ली संग्रहालयात झालेल्या निरोपसभेत मियाझाकी रडत बोलले. १९६३ मध्ये पाऊस पडून गेल्यावर एका बसथांब्यावर झालेली पहिली भेट त्यांना आठवत होती. ‘पाकू-सान’ ९५ वर्षे जगतील, असे ते धरून चालले होते.