“ठीक आहे” म्हणणारा पेशंट

मैत्रिणींनो, घरातलं माणूस डायलिसिसवर असलं की आठवड्यातून बहुधा तीन दिवस चार-चार तास मशीनपाशी जातात. त्यातून धडगाव, अक्कलकुव्याकडून नंदुरबार गाठायचं म्हणजे घाटाचा प्रवास. घरी आल्यावर पेशंट आडवा झाला तर तो आळस समजू नये.

डॉक्टरांनी विचारलं की पुष्कळ पेशंट “ठीक आहे” एवढंच सांगतात. खरं काय ते घरच्या बाईलाच दिसतं. म्हणून एक वही घाला. वजन, झोप, दुखणं रोज टिपा आणि ती डॉक्टरांना दाखवा.

थकवा बरेचदा रक्त कमी झाल्याने येतो. हिमोग्लोबिन विचारा, त्यासाठी इंजेक्शनं असतात. अंगात पाणी फार साठलं, की ते काढताना पायांत गोळे येतात. तेव्हा लोणचं-पापड ताटाबाहेर! मीठ कमी, तर तहानही कमी. मात्र ‘कमी सोडियम’चं मीठ आणू नका, त्यात बहुधा पोटॅशियम असतं, ते या पेशंटला घातक. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही मनाने देऊ नयेत.

आणि मन? दोन आठवडे बोलणं तुटलं, कशातच गोडी वाटेना, “माझं ओझंच झालंय” असं तोंडी आलं, तर तो हट्ट नव्हे, दुखणंच आहे. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना लगेच सांगा. २०२२ पासून १४४१६ ही टेली-मानसची मोफत सेवा आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

सोबतीला एखादे दिवशी दिराला पाठवा. तुम्हालाही विसावा हवाच ना!